हिरवी सल

आमच्या पांढुर्ण्याकडे सल झाडाला असते. इतरत्र ती मनाला असते, हे मला कॉलेजात पुस्तकं वाचायला लागल्यावर कळलं. संत्र्याची फळं उतरली की झाडाच्या पोटात वाळक्या काड्या उरतात, ती सल. ती काढावी लागते, नाहीतर रोग आत शिरतो आणि पुढचा बहार मार खातो. बगीचेवाला माणूस कैची आणि आरी घेऊन झाडाखाली शिरतो, सल काढतो आणि जिथे जिथे कापलं तिथे लगेच बोर्डो लावतो. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं मलम. रंग आभाळासारखा निळा. पावसाळ्याआधी हेच मलम बुंध्यांनाही फासतात, त्यामुळे जूनमध्ये आमच्याकडची संत्र्याची झाडं निळे पायमोजे घालून उभी असतात. कापलं आणि मलम लावलं नाही, असं इथे कोणी करत नाही. डोक्यात काहीही चाललेलं असो, हात आपोआप डब्याकडे जातो.

हे आधीच सांगून ठेवतो. पुढे गोष्ट सांगताना मी रागावेन आणि मग समजावून सांगायचं राहून जाईल.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. बगीचा माझा नाही, माझ्या मित्राचा आहे. मित्र हा शब्द मी जुन्या सवयीने वापरतो आहे. आम्ही दोघं सौसरच्या शाळेत एका बाकावर बसायचो आणि सुट्टीत गुलेल घेऊन हिंडायचो. किती होले आणि किती बुलबुल आम्ही तेव्हा पाडले याचा हिशोब देव ठेवत असेल तर आमची काही धडगत नाही. पुढे मी मास्तर झालो, तो तिगावच्या बाजूला वडिलांचा बगीचा पाहू लागला. चाळिशीच्या आसपास त्याने कॅमेरा घेतला. एका रविवारी मला नाल्यावर नेलं, डोळा काचेला लावायला सांगितला, आणि मला पहिल्यांदा खंड्याची चोच इतक्या जवळून दिसली की मी मागे सरकलो. "पाहून राहिला का मास्तर?" तो म्हणाला. "गुलेलीनं पाडलं की पाखरू एकाचंच. हे दोघांचं."

वर्षभराने मीही कॅमेरा घेतला. तेव्हापासून पंधरा वर्षं आमचे रविवार ठरलेले. कधी जांब नदीचा काठ, कधी मोहगावकडचा तलाव, कधी त्याच्याच बगीच्यामागचा नाला. माझी बायको म्हणायची, तुम्ही दोघं माणसांपेक्षा पाखरांच्या घरी जास्त जाता. खरंच होतं.

एकदा तळ्याकाठी बाहेरगावचे काही हौशी लोक आम्हाला भेटले. त्यांनी सुगरणीचं घरटं असलेली फांदी दोरीने ओढून खाली बांधली होती, फोटो सोपा जावा म्हणून. माझा मित्र त्यांच्या अंगावर धावून गेला. दोरी सोडायला लावली, चांगलं झापलं, आणि परत येताना गाडीवर मागे बसून रडवेल्या आवाजात म्हणाला, "आपण असं कधीच नाही करायचं बावा." त्या दिवशी आम्ही एक वही केली. पहिल्या पानावर नियम. तीन मी लिहिले: घरट्याजवळ जायचं नाही, दहा मिनिटांच्या वर थांबायचं नाही, घरट्याची जागा कोणाला सांगायची नाही. चौथा त्याने माझ्या हातातून पेन घेऊन स्वतः लिहिला: पानाले हात लावायचा नाही. मी त्याच्या शुद्धलेखनावरून त्याची भरपूर थट्टा केली. "पानाला," मी म्हटलं. "पान तेच हाय ना," तो म्हणाला. ते 'पानाले' आम्ही तसंच राहू दिलं.

मागच्या वर्षी जूनच्या सुरुवातीला, शाळेला सुट्टी असताना, मी बगीच्याकडे निघालो होतो तेव्हा शेळ्या चारणाऱ्या मावशीने मला हात करून थांबवलं. तिची ओळख जुनी. साठीची बाई, बगीच्यापलीकडच्या वस्तीत राहते, पंधरा-वीस शेळ्या घेऊन रोज त्या नाल्याकाठी हिंडते. कोणतं पाखरू कुठे उतरतं हे तिला आमच्या दोघांहून जास्त ठाऊक.

"गुरुजी, तो दूध्या पाहिला का?"

"कोणता दूध्या, मावशी?"

"तोच नाही का, पांढरा फटक, लांब शेपटीचा. नाल्यावरच्या भोकरीवर घरटं करून राहिला. तुमी फटफटीवर दुनिया फिरून राहिले न तो इथी बसला हाय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. मध्य प्रदेशात शाळेच्या पुस्तकात त्याला दूधराज म्हणतात, राज्याचा पक्षी म्हणून मी दरवर्षी मुलांकडून पाठ करून घेतो. मराठी पुस्तकात तो स्वर्गीय नर्तक होतो. मावशीचा दूध्या मला या दोन्हींपेक्षा बरा वाटला. डोकं काळं, त्यावर तुरा, बाकी सगळा पांढरा, आणि शेपटीत दोन हातभर लांब पिसं. पंधरा वर्षांत तो आम्हाला उडताना दोनदा दिसला होता. घरट्यावर कधीच नाही.

मावशीने बांधावरूनच बोट दाखवलं, पुढे गेली नाही. तिला नियम कोणी शिकवले नव्हते. भोकरीची एक बारीक फांदी डोहावर झुकली होती. तिच्या दुबेळक्यात वाटीएवढं घरटं, आणि त्यात तो नर बसलेला. शेपटीची दोन्ही पिसं घरट्याबाहेर लोंबत होती. त्यातलं उजवं टोकाशी जरा मुडपलेलं. वर पानांचं दाट छत होतं. डोळ्याभोवतीचं निळं कडं पानांच्या फटीतून एकदा चमकलं आणि मी श्वास रोखला.

"मले एक फोटू देजा," मावशी म्हणाली. "भितीले लावाले."

"पहिला फोटो तुम्हालाच," मी म्हटलं.

पुढचे दहा-बारा दिवस मी आणि मित्र रोज सकाळी बांधाआड जाऊन बसलो. दहा मिनिटं, वही सांगते तशी. नर आणि मादी आळीपाळीने बसायची. मादी तांबूस, आखूड शेपटीची, तिच्याकडे कोणी पाहत नाही. मला तीच जास्त आवडायची. मग एके दिवशी दोघंही चोचीत माश्या धरून येताना दिसली आणि वाटीतून तीन चोची वर आल्या. मी मित्राचा दंड इतका जोरात दाबला की तो कळवळला.

फोटो मात्र धड येत नव्हते. पानं मध्ये यायची. कधी शेपटी मिळायची तर डोकं नाही, कधी डोकं मिळालं तर त्यावरून एक डहाळी आडवी. मित्र चडफडायचा.

"एकच डहाळी आहे बे. एक. तिच्याच पायी सगळं जाऊन राहिलं."

"जाऊ दे," मी म्हणायचो. "तिच्याच सावलीत पिल्लं आहेत."

"ते समजते मले. म्हणून राहिलो फक्त."

त्या वेळी बगीच्यात बुंध्यांना मलम लावायचं काम सुरू होतं. निळी बादली आणि ब्रश बांधाजवळच ठेवलेले असायचे. मी रोज त्या बादलीला वळसा घालून जायचो.

शाळा उघडायच्या सुमारास मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला छिंदवाड्याला जावं लागलं. जायच्या आदल्या संध्याकाळी मी मित्राला म्हटलं, लक्ष ठेव. तो हसला. "माह्या बांधावर आहे, मी नाही त कोन पाहीन?" छिंदवाड्याहून पहिल्या दोन दिवशी मी फोन केला. सगळं बरोबर आहे, तू टेन्शन नको घेऊ, असं तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याने फोन उचलला नाही. मी समजलो, काम असेल.

परत आलो तो बसमधून उतरून थेट बगीच्यात. तो बांधावर उभा होता आणि त्याचा चेहरा पाहूनच मला कळलं.

"गेलं मास्तर. टकाचोरानं नेलं. तिन्ही."

टकाचोर म्हणजे घरटी लुटणारं, कावळ्याच्या कुळातलं पाखरू. भोकरीवरचं छत नाहीसं झालं होतं. घरटं उघड्यावर पडलं होतं, ऊन सरळ वाटीत उतरत होतं, आणि वाटी एका बाजूला कलली होती. तांबूस मादी शेजारच्या फांदीवर बसून ओरडत होती. चोचीत अजून काहीतरी धरलेलं होतं. कोणाला द्यायचं ते तिला कळत नसावं.

"छत कोणी काढलं?" मी विचारलं.

तो दुसरीकडे पाहत म्हणाला, "पाला उतरवला कोनीतरी. शेळ्या त इकडंच असतात रोज. आता कोनाचं नाव घ्याचं."

मी पुढे झाडापर्यंत गेलो नाही. घरट्याजवळ जायचं नाही हा नियम, आणि मादी तिथे असताना पाय धजेना. हा नियमच मला महागात पडला. चार पावलं पुढे टाकली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. मी बांधावरूनच वळलो आणि रागाच्या भरात सरळ वस्तीवर गेलो.

मावशी हातपंपावर होती. चार-पाच बाया पाण्याला आल्या होत्या. तीस वर्षं वर्गावर ओरडून माझा आवाज तयार झालेला आहे, तो मी तिथे वापरला. विश्वासाने दाखवलंत आणि तुम्हीच घात केलात, असं म्हणालो. मूठभर पाल्यासाठी तीन जीव घेतलेत म्हणालो. उद्यापासून नाल्यावर शेळ्या दिसल्या तर बगीचेवाल्याला सांगून बंदोबस्त करीन, असंही म्हणालो. नाला काही माझ्या बापाचा नव्हता.

मावशीने हंडा खाली ठेवला. ती ओरडली नाही.

"गुरुजी, पाल्यासाठी तोडलं असतं त पाला टाकून गेली असती का मी? पाला तथीच पडून हाय, झाडामांगं. पाहून या."

मला ते बोलणं म्हणजे नुसता कांगावा वाटला. चोराच्या उलट्या बोंबा, असं मनात म्हणत मी घरी आलो. पाहायला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी जोराचा पाऊस झाला, नाला भरून वाहिला, आणि झाडामागे जे काही पडलं असेल ते जांब नदीला गेलं.

त्यानंतर मावशी नाल्यावर दिसली नाही. मला वाटलं, अपराधी मन आहे, येईल कशाला.

मित्र आणि मी रविवारी भेटत राहिलो. त्याला मी विचारलं होतं, तू त्या तीन दिवसांत काही फोटो काढलेस का. "काहीच नाही आलं," तो म्हणाला होता. श्रावणात एकदा त्याच्या ओसरीवर चहा पिताना त्याने सांगितलं की त्या शेळ्यावालीची एक गाभण शेळी मालगाडीखाली आली. नाला सोडून ती आता रेल्वे लाइनीच्या कडेने चारत होती म्हणे. मी म्हणालो, कर्माचं फळ. माझ्या तोंडातून हे शब्द गेले, जसेच्या तसे. त्याने बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि प्यायला.

त्या बशीचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो. तेव्हा तोंड उघडायला त्याला एक क्षण पुरला असता.

हिवाळ्यात सौसरला एका सभागृहात पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. मित्र म्हणाला, माझाही एक लागला आहे, ये. कोणता ते सांगितलं नाही. मी शाळा सुटल्यावर गेलो. आत शिरल्यावर समोरच्या भिंतीवर सगळ्यांत मोठा, माणसाएवढा फोटो लावलेला होता आणि त्यापुढे गर्दी होती.

दूध्या. घरट्याच्या काठावर बसलेला, पंख अर्धे उघडे, चोचीत चतुर, आणि खाली तीन उघडी तोंडं. एकही पान मध्ये नाही, एकही डहाळी आडवी नाही. मागे डोहाचं गडद पाणी. डोळ्याभोवतीचं निळं कडं मोहरीएवढं पण लख्ख. शेपटीची दोन्ही पिसं पूर्ण, आणि उजवं टोकाशी मुडपलेलं. खाली पाटीवर लिहिलं होतं: मायेची सावली.

आधी मला आनंद झाला हे मी लपवणार नाही. जिवंत होती पिल्लं, अशी होती, इतकी सुंदर होती, असंच पहिल्यांदा मनात आलं. डोळे भरून आले. मग मी मास्तरकीच्या सवयीने फोटो कोपऱ्याकोपऱ्यातून तपासायला लागलो. उत्तरपत्रिका तशाच तपासाव्या लागतात, मुलं चूक नेहमी कडेला लपवतात.

उजव्या वरच्या कोपऱ्यात, घरट्यापासून वीतभर अंतरावर, कापलेल्या फांदीचं एक गोल टोक होतं. कापणी साफ, आरीची. शेळ्यावाल्या बायका आकडीने फांदी ओढून मोडतात, त्यात साल लोंबते. हे टोक तसं नव्हतं. आणि त्या टोकावर निळं होतं. पुरता गोल, काठापर्यंत नीट भरलेला, आभाळी निळा.

रानातल्या भोकरीला कोणी बोर्डो लावत नाही. तिचा बहार जात नाही, तिला कोणी विचारत नाही. ज्याचा हात तीस वर्षं संत्र्यावर चाललेला आहे, तोच कापल्यावर न विचार करता बादलीत ब्रश बुडवतो. बादली बांधाशी होतीच. त्याने फोटोसाठी छत कापलं, आणि मग झाडाची जखम उघडी राहू नये म्हणून तिला मलम लावलं. पिल्लांवर ऊन आलं ते त्याला दिसलं नाही, झाडाची जखम दिसली.

माझ्या शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, निळा रंग किती छान जुळून आला आहे, डोळ्याला आणि फांदीला.

मी बाहेर आलो. तो सभागृहाबाहेर टपरीपाशी लोकांचे हात हातात घेत उभा होता. मला पाहिलं आणि बाकीच्यांना सोडून माझ्याकडे आला. माझं तोंड बघून त्याचं हसू उतरलं.

"बोर्डो लावलास," मी म्हणालो.

त्याने मागे वळून सभागृहाच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "हात गेला सवयीनं."

"म्हणजे कापलंस."

"सल काढली रे थोडी. झाडाचं काही वाईट नाही केलं."

"सल वाळलेली असते. ती हिरवी होती."

तो खाली पाहत पायाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "पंधरा वर्षं झाली मास्तर. एक फोटो असा नाही आपल्यापाशी. मले वाटलं, दोन घंटे. दोन घंट्यात फोटो होते, मंग एखादी फांदी आणून बांधून देऊ वर. चहा प्यायला गेलो घरी न आलो त टकाचोर बसलेला. मी थोडीच खाल्ले पिल्लं."

"आणि मावशी?"

"तिचं नाव मी कुठी घेतलं? आठवून पाहा. मी नाही घेतलं. तू घेतलं."

हे खरं होतं. पांढुर्णा आणि सावरगावची माणसं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना दगड मारतात, जग आम्हाला नावं ठेवतं. पण तिथे दगड समोरून येतो आणि कोणी मारला ते दिसतं. याने दगड माझ्या हातात दिला होता, आणि मी तो मारून मोकळा झालो होतो. सहा महिने तो माझ्याबरोबर रविवारी हिंडला, माझ्या घरी जेवला, शेळी मेली ते सांगितलं, आणि या सगळ्यात त्याला एकदाही 'मी कापलं' हे वाक्य सुचलं नाही. मला पिल्लांचं दुःख होतंच. पण मी फसवला गेलो, तेही माझ्याच माणसाकडून, हे दुःख वेगळं होतं आणि खरं सांगायचं तर त्याहून मोठं होतं. कुंपणानेच शेत खाल्लं तर फिर्याद कोणाकडे करायची.

"कोनाले सांगू नको," तो हळूच म्हणाला. "वहीतला नियम मोडल्याचं तेवढं."

मी तिथे कोणाला काही सांगितलं नाही. नंतर आत मंचावर त्याचा सत्कार झाला तेव्हा मी टाळ्याही वाजवल्या, कारण शेजारचे वाजवत होते. हेही लिहून ठेवायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बगीच्यातून न जाता नाल्याच्या बाजूने भोकरीपाशी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या झाडाला हात लावला. पाच टोकं होती. पावसाने निळं बरंचसं धुतलं होतं, पण सालीच्या खाचांत ते राखाडी होऊन बसलं होतं. नखाने खरवडलं तर निघालं. एका टोकाच्या खालून नवा फुटवा आला होता. मलमाचा गुण. घरट्याचं नावही नव्हतं. मी बराच वेळ तिथे उभा राहून त्याला शिव्या देत होतो. मग मावशी आठवली आणि शिव्या संपल्या. पाला झाडामागेच पडून आहे, पाहून या, असं ती म्हणाली होती. ज्या जागेवर मी आता उभा होतो, तीच ती जागा. बांधापासून चाळीस पावलं.

घरी येऊन वही काढली. पहिलं पान फाडावं असं फार वाटलं. 'पानाले' वर बोट ठेवून बसलो. फाडलं नाही, वही तशीच कपाटात मागे टाकली. तो त्यानंतर दोनदा घरी आला. पहिल्या वेळी मी आत बसून राहिलो आणि बायकोने सांगितलं की नाहीत घरी. दुसऱ्या वेळी तो फाटकाशीच थांबला, संत्र्यांची पिशवी पायरीवर ठेवून गेला. चांगली संत्री होती. शेजारी वाटून टाकली.

मावशीकडे जायला मला आठवडा लागला. भीती वाटत होती. माझ्याकडे तिला द्यायला एकच फोटो होता, माझा. सगळा हिरवा. पानंच पानं, त्यांच्या फटीतून डोळ्याचा अर्धा भाग, आणि खाली लोंबणारी दोन पांढरी पिसं. प्रदर्शनात कोणी त्याकडे पाहिलंही नसतं. मी तो मोठा करून घेतला आणि चौकटीत बसवला.

ती अंगणात शेळ्यांना भाकरीचे तुकडे घालत होती. मला बघून पदर सावरला, खाट पुढे केली. मी बसलो नाही. उभ्यानेच बोललो, कारण बसलो असतो तर शब्द फुटले नसते.

"मावशी, पाला तुम्ही तोडला नव्हता. मला कळलं. मी चार बायांसमोर तुम्हाला बोललो. माझं चुकलं."

"हो," ती म्हणाली.

एवढंच. जाऊ द्या गुरुजी, होते असं, असं काहीतरी ती म्हणेल या आशेवर मी आठवडाभर घालवला होता, हे मला तेव्हा कळलं. ती म्हणाली नाही. कोणी तोडला तेही विचारलं नाही. तिला बहुतेक पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. झाडामागचा पाला तिने पाहिला होता, वरची निळी टोकंही पाहिली असणार, आणि गुरुजींनी चाळीस पावलं चालून ती पाहावी एवढीच तिची मागणी होती.

मी चौकट तिच्या हातात दिली. तिने पदराने काच पुसली, उजेडाकडे धरली, जवळ नेली, लांब धरली. तिला तो लगेच सापडला. बोट बरोबर त्या मुडपलेल्या पिसावर टेकवलं.

"दूध्याच हाय," ती म्हणाली.

मग चौकट खाटेवर नीट आडवी ठेवली. एक बकरं तिकडे तोंड घालायला लागलं, त्याला हाकललं. दाव्याला बांधलेल्या शेळ्यांकडे तिने एकदा पाहिलं, वस्तीच्या मागून जाणाऱ्या रेल्वे लाइनीकडे पाहिलं, आणि माझ्याकडे वळून, वर्गात मूल बाहेर जायला विचारतं तशा साध्या आवाजात विचारलं,

"मंग आता नाल्यावर नेऊ का शेळ्या, गुरुजी?"